उलुशी

माझं माहेर पाथर्डीकडचं अन् सासरबी तिकडचंच. कोरडवाहू मुलूख, दिवाळी झाली का निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं, मी तर चालाय लागल्यापासून आईबापामागं फडातच हुते. मंग बबनरावांशी लगीन झालं, तरी फड काय सुटला न्हाई.

त्या साली आमी श्रीगोंद्याकडं गेल्तो. मला सातवा लागला हुता, मोळी उचलताना अशी कळ आली का मी खालीच बसले. टेम्पोतून दवाखान्यात नेलं, तिथं पोरगी झाली. काय सांगू तुमाला, बोटं म्हंजी उदबत्तीच्या काड्या, नखं तिळाएवढी, अन् कातडीतून आतलं निळं दिसायचं. काचेच्या पेटीत ठिवली तिला, अन् मी बाहीर स्टुलावर.

तिथं एक सिस्टर हुती, राजूरकडची, डोंगरातली. ती म्हनली, बाई, नुसतं बघत बसू नका, बोला तिच्याशी, तुमचा आवाज वळखती ती. आता काय बोलावं? मी म्हनलं, माझी उलुशी गं, उलुशी. सिस्टर हसली, म्हनली हे काय, आमी तर इवलीशी म्हनतो. मी म्हनलं, मंग तुमचंबी म्हनते. इवलीशी गं. तिथून मला नादच लागला. जो येईल त्याला इचारायचं, तुमच्याकडं एवढ्याशाला काय म्हनत्यात?

शेजारच्या खाटंवरची बाई देवळाली प्रवराची, घरचा ऊस असलेली, तिचं पोरगंबी असंच आधी आल्यालं. ती म्हनायची चिमुकला. तिची सासू म्हनायची टिचभर. झाडायला येनारी मावशी म्हनायची पिटुकली. मी समदे शबुद पेटीच्या भोकातून आत सोडायची, एकामागं एक. चिमुकली, टिचभर, पिटुकली. कवा कवा ती पाय हलवायची. मला वाटायचं, ह्यातला कोंचा आवडला आसंल हिला?

दुधाचं तर निराळंच. थेंबभर पोटात ऱ्हायलं तरी आमी दोघी बाया एकमेकींकडं बघून हसायचो. डाक्टर म्हनले, वजन किंचित वाढलंय. किंचित म्हंजी कसं, मला ठावं न्हवतं. मी इचारलं, साहेब, ते उलुशापेक्षा कमी का जास्त? ते थांबले, इचार केला, म्हनले, थोडं जास्तच धरा. त्या दिशी मला पोटभर जेवान गेलं.

पन आमचे मालक काईच म्हनायचे न्हाईत. फडावरून यायचे, काचंबाहीर उभं ऱ्हायचे अन् माघारी जायचे. मला राग यायचा. येकदा इचारलंच, पोरीला हाक मारायला तोंड दुखतं का? तर खाली मान घालून म्हनले, तुमी समद्या तिला बारकी बारकी म्हनता, मला भ्याव वाटतं, अशीच बारीक हुत हुत दिसंनाशी झाली तर?

सिस्टरनं ते आयकलं. तिनं त्यांना हात धुवायला लावले, सदऱ्याची बटनं सोडायला लावली, अन् पोरगी काढून उघड्या छातीवर ठिवली, वरून दुपटं. ऊस तोडून तोडून चिरल्याले हात, ते तर हलंनातच. पोरगी गपगार निजली. मी म्हनलं, कशी हाय, सांगा की. म्हनले, लई हाय गं. लई हाय ही. अन् रडाय लागले.

जगली. दवाखान्यातून घरी आनली तवा ब्लाउजात बांधून आनली, फडातल्या बाया रांगंनं बघून गेल्या.

आता नववीला हाय, माझ्याहून हातभर उंच. आमी फडावर जातो तवा ती आजीपाशी ऱ्हाती, साळा बुडवत न्हाई. परवा साळंत त्यांना दुर्बिनीसारखं काईतरी दावलं, त्याच्यात कांद्याचा पापुद्रा ठिवला हुता. घरी येऊन म्हनती, आई, पापुद्र्यात घरं हायेत, भिताडाला भिताड लागून, अन् नुसत्या डोळ्यानं एकबी दिसत न्हाई. बाई सूक्ष्म म्हनत्यात. आपल्यात काय म्हनत्यात गं? मी लई आठवलं. उलुसं न्हवं, कनभर न्हवं, तीळबी त्याच्यापुढं डोंगर. आपल्यात कुनी बघितलंच न्हाई ते, तर शबुद कुठनं यील? म्हनलं, तू बघितलंस ना, मंग तूच सांग काय म्हनायचं ते.

ती अजून इचार करती हाय. करू द्या. आमी कवा न बघितलेलं बघनारे तिचे डोळे असेच ऱ्हावेत, एवढं देवानं करावं.