फळ हातात द्यावे

दि. १४ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

नाव आंबी गोमा खंडवी, वय अंदाजे ६२ वर्षे, धंदा मजुरी व रानभाजी विकणे, रा. वेळूची ठाकरवाडी, ता. कर्जत, जि. रायगड. नवऱ्याचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते आधारकार्डावरून लिहून घेतले आहे.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझे पती वाडीत झाडपाल्याचे औषध देतात. आमच्याच वाडीतील यमुना उघडा हिच्या लग्नाला आठ वर्षे झाली, मूल नाही. तिने माझ्या पतीकडे शिवलिंगीचे बी मागितले. दि. ११ रोजी ते घेतल्यावर तिला उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात ठेवावे लागले. आज तिची तब्येत बरी आहे. तिच्या नवऱ्याने माझ्या पतीविरुद्ध तक्रार दिली आहे.

शिवलिंगीचा वेल व कडू पडवळाचा वेल एकाच जाळीत चढतात. पाने पाहून शहाणा माणूसही फसतो. दोन्हींच्या फळांवर पांढरे पट्टे असतात, दोन्ही पिकल्यावर लाल होतात. परंतु शिवलिंगीचे फळ बोराएवढे गोल असते, कडू पडवळाचे लांबट व टोकदार. म्हणून आमच्यात फळ हाती आल्याशिवाय वेलाचे नाव घेत नाहीत, व देणाऱ्याने फळ घेणाऱ्यासमोर स्वतः फोडावे लागते. पाखराने टोचलेले फळ घेत नाहीत.

माझ्या पतीला चार वर्षांपासून दिसत नाही. ही गोष्ट वाडीत कोणाला माहीत नाही. पायवाटा त्यांना पाठ आहेत, रानात ते माझ्या पुढे चालतात. जाळीपाशी थांबून मलाच शाळेतल्या मास्तरासारखे विचारतात, "काय गं, पिकलंय का?" मी सांगते, "तुमच्या नाकावानी लाल झालंय." मग ते अंगठ्याने फळ चाचपतात. आजवर एकदाही चुकले नाहीत.

दि. १० रोजी त्यांना ताप होता म्हणून मी एकटी रानात गेले. यमुनेसमोर फळ चाचपताना त्यांचे आंधळेपण उघडे पडेल, अशी मला धास्ती होती. म्हणून फळे मी रानातच फोडली. अख्खी थोडीच होती, त्यामुळे पाखरांनी अर्धी खाल्लेलीही घेतली. अर्ध्या फळाला टोक कुठून दिसणार? त्यांतच कडू पडवळ आले. घरी येऊन बी वाटले व गुळात गोळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी यमुना आली. पतीने गोळ्या हातात घेऊन मला दोनदा विचारले की फळ कुठे आहे. मी म्हटले, मी बघितले आहे, द्या तिला. ते म्हणाले, "तू बघितलंस ना? मग मी बघितल्यासारखंच हाय." आणि त्यांनी गोळ्या तिला दिल्या.

काल याच ठाण्यात त्यांनी जबाब दिला आहे की, "फळ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, बायकोचा संबंध नाही." ते खोटे आहे. चाळीस वर्षांत ते माझ्याशी खोटे बोलले नाहीत, सरकारशी बोलले ते माझ्यासाठी. चूक माझी आहे. मी दवाखान्यात यमुनेच्या पाया पडून आले.

माझी एवढीच विनंती आहे. त्यांची परीक्षा घ्यायची असल्यास दोन्ही फळे त्यांच्या हातात द्यावीत, ते बरोबर ओळखतील. फक्त रंग विचारू नये.

हा जबाब हवालदार बाईंनी मला वाचून दाखवला. पती दाराबाहेर बाकावर बसले असल्याने तो हळू आवाजात वाचावा असे मी म्हटले, त्याप्रमाणे वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

आंबी गोमा खंडवी, डाव्या हाताचा अंगठा