किमान सात व्होल्ट

सून : आई, बाबांच्या काठीच्या मुठीत तुम्ही जो रेग्युलेटर बसवलाय, त्याला किमान सात व्होल्ट लागतात. तेव्हा तो पाच देतो. तुम्ही देताय सहा.

सासू : चार सेलचे सहाच होतात.

सून : पण कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय.

सासू : माझ्या नेमणूकपत्रातही बरंच स्पष्ट लिहिलं होतं.

सासरे : ऑपरेशन झालं असेल तर काठी शिवून द्या. दहाला एक पियानो सुरात लावायला जायचंय.

सून : पाच मिनिटं, बाबा. आई, समोर काही आलं की ही शिटी वाजते आणि त्या भरवशावर बाबा, दिसत नसताना, एकटे रस्ता ओलांडतात. तिला पाचऐवजी मिळतात सव्वाचार व्होल्ट. सेल उतरले की तेही घसरणार. मी नवा भाग आणलाय. सेल कितीही उतरोत, पाच म्हणजे पाच.

सासू : आणि अगदीच उतरले की?

सून : मग बंद होतो.

सासू : कुठे?

सून : कुठे म्हणजे?

सासू : फुटपाथवर, की रस्त्याच्या मधोमध?

सून : ...आपण लाल दिवा लावू. सेल संपत आले की लागेल.

सासरे : लाव. मी रोज बघत जाईन.

सासू : अगं, घसरावं म्हणूनच सहा दिलेत. व्होल्टेज घसरलं की शिटीचा सूर उतरतो.

सासरे : पाव सूर उतरला तरी मला कळतं. चाळीस वर्षं लोकांच्या पियानोत तेवढंच शोधतोय.

सून : मग रेग्युलेटर हवाच कशाला? सेल थेट जोडायचे.

सासू : नवे सेल साडेसहा व्होल्टपर्यंत जातात. शिटीचं सर्किट जळेल. वरचं तो अडवतो, खालचं सांगतो. पोटभर दिलं, तर सेलची अवस्था शेवटपर्यंत लपवून ठेवेल.

सून : पण सातच्या खाली तो नीट वागेल, याची हमी कंपनी देत नाही.

सासू : म्हणून सोळा रेग्युलेटर आणले. एकेक आठवडाभर उतरत्या सेलवर चालवला. तीन किरकिरले, ते काढून टाकले. बाकीचे तेरा, सूर उतरायला लागल्यापासून तीन दिवसांनी गप्प होतात. ही वही बघ.

सासरे : चार महिने घरात शिट्ट्या. शेजाऱ्यांनी येणंजाणं सोडलं. तेवढीच शांतता.

सून : (वही चाळत) आमच्या टेस्टिंग विभागात आम्ही बावीस जण आहोत.

सासू : मग?

सून : मग काही नाही. स्क्रू द्या इकडे. घ्या बाबा, शिवली काठी.

सासरे : बघू... (काठी भिंतीसमोर धरतात, शिटी वाजते) हं. सूर किंचित उतरलाय. उद्या सेल बदलू.

सून : थांबा, चौकापर्यंत मी येते.

सासरे : मला सोबत लागत नाही.

सून : सोबतीला नाही, बाबा. ऐकायला येते.