पाटलानं नेमलेला कमुनिस्ट

(देवीदासच्या घराचा ओटा. मुलगी वर्षाली त्याचं सामान गाडीत ठेवतेय. म्हातारा पुंजाजी काठी आडवी धरून वाटेत उभा.)

पुंजाजी : थे पेटी खाली ठेव, वर्षाली. दलाच्या परवानगीबिगर तुह्या बापाले गाव सोडता येत नाई.

वर्षाली : कसलं दल, काका? बाबांना आता अमरावतीलाच ठेवायचं, दवाखान्याजवळ.

पुंजाजी : कमुनिस्ट हाय थो.

वर्षाली : बाबा? तुम्ही तर जन्मभर सरकी विकली.

देवीदास : मले नेमलं होतं, बाई. तवा पाटलाच्या कानावर आलं, का लाल झेंडेवाले बंदुका घेऊन निंगाले. त्यानं दल उभं केलं. आठ-दहा पोट्टे, लाठ्या, आन् एक भरमार बंदूक. पन कोनी आलंच नाई. सराव करा त कोनावर?

पुंजाजी : हा शिदोरी सर्वाईले वाटून खाये. पाटील म्हने, हाच घ्या.

देवीदास : दर बुधवारी मी कपाशीच्या पऱ्हाटीत लपो, हे धरून आनत. मंग पाटलाकडं चहा.

वर्षाली : आणि अजून चालूच आहे हे?

पुंजाजी : पाटील गेला, बाकीचे गेले. दल मोडाचा हुकूम कोनं देल्ला?

वर्षाली : खरा कम्युनिस्ट कधी पाहिला तरी का?

पुंजाजी : एक आलता ना, अकोल्याहून, सभा घ्याले. पानी पाजलं, यष्टीत बसवून देल्लं.

वर्षाली : धरला नाही?

पुंजाजी : बुधवार नोता थो.

वर्षाली : मग आता दुसरा नेमा कोणी.

पुंजाजी : इनायतुल्लाले इचारलं. म्हने, चाचा, दुकान कोन पायन?

देवीदास : पुंजाजी, छातीत दुखते बाप्पा. जाऊ दे मले.

पुंजाजी : जा ना. म्या काय बांधून ठेवलं? पन घरात माह्याशी कोनी बोलत नाई, देवीदास. सून ताट ठेवते आन् जाते. तुले धराले याचं असते म्हून मी बुधवारी दाढी करतो.

देवीदास : मंग तिकडंच येत जाय, धराले.

पुंजाजी : येवढ्या मोठ्या शयरात तू कुठी लपशीन, मले काय मालूम?

देवीदास : सापडन रे तुले.

पुंजाजी : तू लपूच नोको. दारात बसजो. मले आता दूरचं दिसत नाई.