शेवटच्या नळाची बाटली

मी, पाणीखात्यात नमुने गोळा करणारा कर्मचारी, कामावर आणि वस्तीत 'बाटलीवाले' या नावाने ओळखला जाणारा, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार वरची वसाहत, टाकीमागची दुसरी गल्ली, आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी व दोन मुलींसह राहतो. खात्यात एकोणीस वर्षे नोकरीस आहे. दर मंगळवारी ठरलेल्या अकरा नळांचे पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पोहोचवणे हे माझे काम आहे. अकरापैकी दहा नळ वरच्या भागात आहेत. खालच्या वस्तीत माणसे दुप्पट, पण तपासणीला नळ एकच धरलेला आहे. तो पाइपलाइनच्या अगदी टोकाला, शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दारासमोर आहे. ही वाटणी मी केलेली नाही. पण एवढ्या वर्षांत ती मला कधी खटकलीही नाही.

नियम असा आहे की, नळ दोन मिनिटे पूर्ण सोडायचा, पाणी वाहू द्यायचे, मग नळाच्या तोंडाला ज्योत दाखवून बाटली भरायची. वरच्या भागात याची काही अडचण नसते. लोक खुर्ची देतात, पंखा लावतात. खालच्या वस्तीत पाणी सकाळी सहाला येते आणि सव्वासातला जाते, तेही करंगळीएवढ्या धारेने. मी नळ सोडला की रांगेतल्या बायका गटारात जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहायच्या. गेल्या वर्षी एका मंगळवारी एकीने म्हटले, "बाटलीवाले भाऊजी, तुमची बाटली भरेपर्यंत माझी कळशी भरली असती." सगळ्या हसल्या. मीही हसलो. पुढच्या मंगळवारी एका म्हाताऱ्या बाईने त्या वाहत्या पाण्याखाली आपला तांब्या धरला आणि माझ्याकडे बघितले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यानंतरच्या मंगळवारी, म्हणजे गेल्या वर्षी मे महिन्यात, मी त्या नळावर गेलो नाही. ती बाटली मी माझ्या घरी स्वयंपाकघरातल्या नळावर भरली आणि तिच्यावर शेवटच्या नळाची चिठ्ठी लावली. एवढी एकच वेळ, असे मनाशी म्हटले होते. त्यानंतर चौदा महिने ती बाटली घरीच भरत राहिलो. आधी लाज वाटत होती म्हणून गेलो नाही, नंतर पहाटे उठायला नको म्हणून. वस्तीतले कोणी विचारले तर, तुमची बाटली आता पाइपलाइनवरच्या वाल्वपाशीच भरतो, असे सांगत होतो. दोन मिनिटे नळ सोडण्याचा नियम मात्र मी घरी न चुकता पाळत होतो.

अहवाल दर वेळी 'पिण्यास योग्य' असा आला. पाण्याला वास येतो अशा दोन तक्रारी वस्तीतून आल्या होत्या. त्या माझ्या बाटल्यांचे अहवाल जोडून निकाली काढण्यात आल्या. खात्यातल्या साहेबांना यातले काही माहीत नव्हते. त्यांनी कधी विचारलेही नाही.

मावशी माझे खात्याचे कपडे शिवतात. या वर्षी जूनमध्ये शर्ट आणायला गेलो तेव्हा त्यांची सून मशीनशेजारी काजे करत बसली होती. तिला सातवा महिना होता. मावशी म्हणाल्या, "बरं झालं आलात. हिच्यासाठी पाणी उकळते मी, पण गॅस पुरत नाही बघा. तुम्ही तर दर आठवड्याला तपासता. खरं सांगा, कसं आहे आमचं पाणी?"

मी म्हणालो, "चांगलं आहे मावशी. अहवाल आहेत ना माझ्याकडे."

"सुटले बाई," असे म्हणून त्या सुनेकडे वळल्या. "ऐकलंस ना? उद्यापासून उकळायची कटकट नको." मग त्यांनी माठातले पाणी तांब्यात काढून माझ्यापुढे केले. मला तहान नव्हती, म्हणून मी घेतले नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वस्तीत कावीळ सुरू झाली. आजपर्यंत एकतीस माणसे आजारी पडली आहेत. वरच्या भागात एकही नाही. मावशींची सून परवा सकाळी सरकारी दवाखान्यात वारली. मूलही वाचले नाही.

मी दवाखान्यात गेलो होतो. मावशी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवी उचलून मला शेजारी जागा करून दिली. म्हणाल्या, "लोक पाण्याला नावं ठेवतायत. मी सांगितलं त्यांना, पाणी चांगलं आहे, आपले बाटलीवाले तपासतात. मीच तिला बाहेरचं काहीतरी खाऊ दिलं असणार. तिनं हट्ट केला आणि मी ऐकलं."

त्याच वेळी खरे का सांगितले नाही, असे हवालदारसाहेबांनी मला विचारले. जीभ उचलली नाही, याहून वेगळे कारण माझ्याकडे नाही. मावशी अजूनही स्वतःलाच दोष देत आहेत. हा जबाब त्यांना कोणीतरी वाचून दाखवावा, एवढी विनंती आहे. ते माझ्याच्याने होणार नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, फक्त एक ओळ दुरुस्त करावी. मावशींनी पाणी पुढे केले तेव्हा मला तहान नव्हती, असे वर लिहिले आहे. तहान होती. बाकी सर्व बरोबर आहे.