हाक्यातला चूप माणूस

ऐक, घरी येईल त्याले मी सध्या एकच सीन दाखवून राहिलो. वाघ वाचवणाऱ्या रेंजरचा तो जुना पिक्चर. चांगला होता, पन कोनी पाह्यलाच नाही. आपल्या सौंसरकडच्या जंगलात शूटिंग झालती, अन् हाक्याच्या गर्दीत आमचे बाबा आहेत! वाघिणीले शिकाऱ्याच्या बंदुकीपुढं हाकलाले सारं गाव टिनाचे पिपे बडवून राहिलं, अन् मधात बाबा पिपा धरून चूप उभे.

मी इचारलं, "बाबा, तुम्ही काहून नाही वाजवला?"

"समोर बंदूक होती ना."

"पन झुडपात वाघीण होती कुठं? सारं खोटंच होतं!"

बाबा म्हने, "वाघीण खोटी असन बे, हात तं माहेच होते."