शिंकेमुळे अडलेली सही

विषय : कु. रमिलाचा शाळाप्रवेश. संदर्भ : शिंक.

हसू नका, जन्म कारकुनीत गेलेल्या माणसाला संदर्भाशिवाय तोंड उघडता येत नाही. आमच्या नंदुरबारात कॉलेजची पोरं बालमजुरीविरुद्ध मोहीम चालवतात. मिरची वाळवतात त्या पथारीवर रमिला आईबरोबर देठ खुडायची. पोरांनी आईला राजी केलं आणि रमिलाला तडक शाळेत नेलं. अर्ज मी लिहिलेला, म्हणून मीही गेलो.

मुख्याध्यापक विज्ञान शिकवतात. त्यांनी सहीला पेन उचललं आणि मोहिमेचा पुढारी निलेश शिंकला. पथारीवरची धूळ अजून त्याच्या नाकात होती. मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं.

"शुभकार्यात शिंक! जरा थांबू."

थांबले. पुन्हा पेन उचललं, तर निलेशची बहीण शिंकली. मग अख्खी मोहीमच शिंकायला लागली.

"सर, ही मिरची आहे, अपशकुन नाही," निलेश डोळे पुसत म्हणाला.

"मिरचीची असली तरी शिंक ती शिंकच."

रमिला तेवढी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. "सर, माले शिंक येत नही. पेन माले द्या, मीच करस सही."

"तुला सही येते का गं?"

"नही. तेच त शिकनं शे."

सर ओशाळले. तिला वर्गात बसवलं, सहीचं नंतर पाहू म्हणाले. रमिला रोज शाळेत जाते. पोरं सहीसाठी चकरा मारतात, पण दुसऱ्या मुलींच्या आयांना समजावून, पथारीवरून थेट येतात.

अर्ज प्रलंबित आहे.