सात-ब म्हणजे नक्की काय?

...आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या त्या जाहिरातीत लिहिलंय काय, ऐका, 'पाणी तपासनीस, श्रेणी सात-ब, टप्पा दोन, सहा-अच्या अधीन'. आता मी परदेशात पाच वर्षं पाण्याचाच अभ्यास केला, घराघरांत चांगलं पाणी पोचवायचं म्हणून तिकडची नोकरी सोडून आले, पाण्यातला जंतू न् जंतू नावानिशी ओळखते, पण सात-ब म्हणजे नक्की काय?

आई अर्ज भरू देईना. तिनं सगळ्या इमारतीला सांगून ठेवलेलं, लेक मोठी साहेब होणार. बाबा म्हणाले, "अगं, एकापेक्षा सात मोठेच की." आई म्हणाली, "पहिला नंबर वरचा असतो. तुमचा कधी आला नाही, तुम्हाला काय माहीत?" शेवटची तारीख उद्यावर आलेली, आणि आमच्याकडे अजून एक मोठा की सात!

गेले कार्यालयात. कारकून मान वर न करता म्हणाले, "सात-ब म्हणजे आठ-कला समकक्ष."

"आणि आठ-क?"

"सात-बला समकक्ष."

...आता बोला.

शेवटी दाराशी बसलेले शिपाईकाका हळूच म्हणाले, "ताई, कागद कशाला वाचता? खुर्च्या बघा. बिनहाताची खुर्ची म्हणजे आठ. हात फुटले की सहा. चाकं लागली की तीन." पाच वर्षांत इतकं सोपं करून मला कुणी शिकवलं नव्हतं हो.

"मग काका, सात-ब?"

"त्यांची खुर्ची मी अजून पाहिली नाही."

तरी भरला अर्ज. आईला म्हटलं, खुर्चीला हात नक्की आहेत, चाकं येतील. आणि झाली की निवड!

पहिल्या दिवशी माझ्या सहा-अ साहेबांनी खुर्चीऐवजी रिकाम्या बाटल्यांची पिशवी दिली आणि कार्यालयामागच्या उंच टाकीकडे बोट दाखवलं. शिडीनं चढले. नमुना घेतला, बाटली उन्हात धरली, आणि खाली शेजारच्या गच्चीवर एक बाई नळाला बादली लावत होती... याच टाकीचं पाणी, आधी माझ्या हातून गेलेलं! तुम्हाला सांगते, गाणंच म्हणणार होते, तेवढ्यात आईचा फोन.

"चाकं आहेत का गं?"

"आई, खुर्चीच नाही."

मग, "बरं, जेवायला तरी ये."

येते म्हणाले, खाली बघते तर शिडी गायब. शिपाईकाका खालून सांगतायत, "ताई, शिडी सहा-अच्या नावावर आहे. कुलपात ठेवून जेवायला गेलेत."

...तर कळलं बरं का, सात-ब म्हणजे नक्की काय. सहा-अचं जेवण होईपर्यंत टाकीवर बसून राहतं, ते.